परमिटवरची सहा माणसं

"वरडणाऱ्या मेंढराकडं बघू नये, सूनबाई. ज्यानं रवंथ सोडला त्याच्याकडं बघावं."

आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हे मला होळीच्या आधी सांगितलं होतं. ओट्यावर बसून ते काठीला तेल लावत होते आणि मी गहू निवडत होते. मला हसू आलं. मी बी.एस्सी. झालेली, रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे मला परीक्षेपुरते पाठ होते. म्हटलं, आबा, शेवटचं मेंढरू विकून अकरा वर्षं झाली, अजून कळपच राखताय का? त्यांनी वरच्या मजल्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा काठीला लागले.

वर शालूताई राहतात. माझ्या थोरल्या जाऊबाई, भारतभाऊजींच्या बायको. लग्न होऊन मी चिकलठाण्याच्या या घरात आले तेव्हापासून दोन्ही मजल्यांवर त्यांचाच आवाज ऐकत आले. पाण्याची मोटर कोणी चालू ठेवली, दोरीवरचे त्यांचे कपडे कोणी सरकवले, त्यांच्या पोळपाटाला माझी कणीक कशी चिकटली. भांडताना त्या लई सुंदर बोलायच्या. एकदा मला म्हणाल्या होत्या, "तुझी डिग्री फ्रेम करून लाव गं, भिंतीचा पोपडा तरी झाकंल." मी रडले, आणि मग नवऱ्याला, हनुमानला, ते सांगता सांगता हसत सुटले.

दोन वर्षांपूर्वी त्यांना सातवा महिना असताना पोटातलं बाळ गेलं. मुलगी होती. नाव ठेवायच्या आत गेली, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायला घरात कुणाकडं शब्दच नव्हता. म्हणून कुणी बोललं नाही. त्यानंतर वर्षभर शालूताई दुप्पट भांडल्या. आणि यंदा होळीच्या सुमारास थांबल्या. मोटर दिवसभर चालली तरी वरून हाक येईना. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, शेजारच्या गोजरबाईंना सांगायच्या, थोरली आता निवळली. मीही तेच म्हणत होते. घर शांत झालं होतं, आणि ते का झालं हे विचारायची आमच्यात कुणालाच गरज वाटली नाही.

मे महिन्यात हनुमानला कंपनीतून तीन दिवसांची सुट्टी मिळाली. आमची तीन वर्षांची रूपा घामोळ्यांनी लाल झाली होती, छातीत घरघर होती. तिच्या प्रत्येक खोकल्याला मी फॅनच्या आवाजातही जागी व्हायचे. डॉक्टर म्हणाले, जमलं तर थंड हवेत न्या. मग मेळघाट ठरलं. दोन रात्री, तीन दिवस. सेमाडोहला जंगलातलं विश्रामगृह, गुगामल राष्ट्रीय उद्यानाच्या अंगानं जिप्सीतून सफारी, परतीच्या वाटेवर चिखलदरा. हनुमानच्या मित्राची सात सीटची गाडी मिळणार होती आणि घरातली माणसंही सातच, म्हणजे सगळं बसत होतं.

रविवारी जेवणं उरकून सगळे खालच्या खोलीत कूलरपुढं जमले. हनुमानच्या हातात मोबाईल, माझ्या हातात औषधांची यादी. सगळ्यात खूश आबा होते. पस्तीस वर्षांपूर्वी दुष्काळात ते कळप घेऊन पार सातपुड्याच्या पायथ्याला गेले होते आणि फॉरेस्टच्या गार्डानं काठी उगारून त्यांना मागं हाकललं होतं.

"आता त्याच डोंगरात आधार कार्ड दाखवून जायचं," ते म्हणाले. "साहेबाला म्हणावं, भिऊ नको बाबा, या वख्ताला मेंढरं नायत संगं."

आत्याबाईंना जाताना शेगाव करायचं होतं. भाऊजींना गाडी स्वतः चालवायची होती. ते रोज मालाचा टेम्पो चालवतात आणि धाकट्याच्या हातावर त्यांचा काडीचा भरवसा नाही. त्यावरून दोघा भावांचं थोडं वाजलं. आत्याबाईंनी धाकट्याची बाजू घेतली, आबांनी थोरल्याची, आणि शेवटी घाटात भाऊजी व सपाटीला हनुमान असा तह झाला. शालूताई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, हातात कुणाच्या तरी साडीचा फॉल. फॉल-पिकोचं काम गुलमंडीतल्या एका दुकानातून त्यांच्याकडं यायचं. त्या सगळ्यांकडं बघून हसत होत्या. असं हसताना मी त्यांना फार दिवसांनी बघत होते, आणि मला बरं वाटलं होतं.

घोळ झाला तो जिप्सीचा. एका जिप्सीत सहाच माणसं बसतात आणि दुसरी गाडी त्या दुपारी शिल्लक नव्हती. हनुमाननं चौकशीच्या नंबरावर विचारलं, लेकरू मांडीवर चालेल का? तिकडची बाई म्हणाली, मांडीवरचं लेकरूही माणूसच धरतात. तोवर मोबाईलच्या पडद्यावर कोपऱ्यात घड्याळ उलटं चालू झालं होतं. नावं आणि आधारचे नंबर भरून वेळेत पुढं गेलो नाही तर जागा सुटणार होत्या. सात मिनिटं होती.

आता लिहिताना किती सोपं दिसतं. कुणीतरी एकानं तीन तास विश्रामगृहात थांबायचं, एवढंच. आत्याबाई म्हणाल्याही, मी बसते पोरीला घेऊन. मी पटकन नाही म्हटलं. जंगलात, अनोळखी जागी, रूपाला सोडून मी कुठंही जाणार नव्हते. मग मीच थांबते म्हटलं, तर हनुमानचा चेहरा उतरला. आबांना वगळायचा प्रश्नच नव्हता. पाच मिनिटं राहिली. आणि मग आत्याबाईंना एकदम घर आठवलं.

"अन् घराचं काय? वाडा सुना ठिवायचा नसतो."

आमच्यात वाडा म्हणजे दगडी भिंतींचा नव्हे. मेंढरांबरोबर फिरणाऱ्यांची पालं, भांडीकुंडी, कोंबड्या, घोडं, सगळं बिऱ्हाड मिळून वाडा. कळप चरायला निघाला की चालता न येणाऱ्या कोकरांपाशी एक बाई मागं राहायची. तो मान होता. आत्याबाई त्या मानानं पंधरा वर्षं मागं राहिल्या आहेत आणि अजून ते सांगताना ताठ बसतात. आता राखायला कोकरं नाहीत, एक फ्रीज आणि दोन कूलर आहेत. तरी रीत ती रीत.

"मी राहते," शालूताई म्हणाल्या. "माझं नाव नका घालू."

आमच्या घरात पहिला नकार हा नकार नसतो. पहिलं 'नको' तोंडचं, दुसरं रीतीचं आणि तिसरं खरं, असं आत्याबाईंचं गणित. चहाला नको म्हणणाऱ्या पाहुण्यालाही ते तीनदा म्हटल्याशिवाय उठता येत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात मी कुणाच्या तरी पहिल्याच 'नको'ला ताट उचललं, तेव्हा शालूताईंनीच मला मोरीपाशी गाठून झापलं होतं. "माणसाला नको म्हणायची तरी मुभा दे की गं. लगीच खरं धरतीस व्हय?"

त्या रविवारी पडद्यावर तीन मिनिटं उरली होती.

आत्याबाईंनी तोंड उघडलं होतं. असं कसं, चल की, एवढं त्यांच्या ओठांवर आलं होतं. आज दुपारी इथं विश्रामगृहाच्या व्हरांड्यात त्यांनी मला ते सांगितलं. पण आग्रहाचा पहिला शब्द नवऱ्याचा असावा म्हणून त्यांनी थोरल्याकडं बघितलं. भाऊजी टीव्हीकडं बघत होते. टीव्ही बंद होता. त्यांना वाटत असणार, तीन दिवस तरी हिच्या समोरून बाजूला होता येईल. ती काही विचारत नाही, तरी तिच्यापुढं जेवायला बसलं की घास अडकतो, आपण काहीतरी उत्तर देणं लागतो असं वाटतं आणि उत्तर तर नाही. आबांना वाटलं, बायकांचं बायका बघतील. हनुमान आधारचे नंबर टाकत होता. सहावं नाव संपवून त्यानं वर बघितलं आणि कुणी काही बोलत नाही म्हटल्यावर सगळ्यांचं ठरलं असं धरून चालला.

आणि मी. माझंही लिहिते. रूपाच्या कानामागं मी रोज काजळाचा ठिपका लावते. कुणी विचारलं तर म्हणते, सासूबाईंच्या समाधानासाठी. पण तो मी शालूताई खाली यायच्या वेळेआधी लावायचे. त्या रूपाला मांडीवर घ्यायच्या आणि नुसत्या बघत बसायच्या. खेळवायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत. मला धडकी भरायची. त्यांचं नाव गळतंय म्हटल्यावर मला हलकं वाटलं. तीन दिवस लेकरू मोकळं. मी एकदाही 'चला' म्हटलं नाही. उलट गोड आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही आहात म्हणून आम्हाला घराचा घोर नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या. "घोर करूच नका."

हनुमाननं बटण दाबलं आणि सहा नावांचं परमिट आलं. आत्याबाई शालूताईंकडं वळून म्हणाल्या, माझ्यामागं वाडा राखायला तूच खरी. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांचं कौतुक घरात बऱ्याच वर्षांनी झालं असेल.

गुरुवारी त्या खाली आल्या आणि रूपासाठी शिवलेला छोटा कोट माझ्या हातात दिला. पिवळ्या फ्लॅनेलचा. वर गारठा असंल, म्हणाल्या. ते कापड मी ओळखलं. त्यांनी ते कुणासाठी घेऊन ठेवलं होतं तेही मला ठाऊक होतं. मी बाह्या मोठ्या झाल्यात की काय असं काहीतरी बोलले. त्यांची पाठ वळल्यावर, दृष्ट जावी म्हणून, कोट मिठाच्या पाण्यात बुडवला. आत्याबाईंनी मला ते करताना पाहिलं, आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या.

आज पहाटे फटफटताना निघालो. शालूताईंनी फाटकापाशी प्रत्येकाच्या हातावर दही ठेवलं. आबांनी नंतर सांगितलं, आदल्या दिवशी संध्याकाळी त्या त्यांच्या पाया पडल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, लई बोलले तुम्हाला. पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. गाडी सुरू झाल्यावर त्या खिडकीशी वाकल्या, रूपाच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाल्या, "बरं मग. येते मी."

निघणारा म्हणतो, येतो. 'जातो' तोंडातून काढू नये म्हणून. मागं राहणाऱ्यानं म्हणायचं, या. मला ते कानाला खटकलं. मला वाटलं, झोपेत आहेत, चुकून बोलल्या असतील.

जालन्यापुढं ऊन चढलं. आत्याबाईंनी गाडीतूनच शेगावच्या दिशेला हात जोडले. आधी पोचू, येताना थांबू, असं ठरलं. खामगावला चहाला उतरलो तेव्हा भाऊजींनी घरी फोन लावला. घंटी पूर्ण वाजली. पुन्हा लावला.

"मशीनवर असंल," आत्याबाई म्हणाल्या. "मशीन सुरू असली की तिला ढोल वाजला तरी ऐकू येत नाय."

भाऊजींनी मान हलवली आणि फोन खिशात टाकला.

परतवाडा मागं पडलं, घाट लागला आणि सगळ्यांचे फोन मुके झाले. वळणावळणांवर रूपाला तीनदा उलटी झाली, आबांना एकदा. दीडच्या सुमारास इथं सेमाडोहला पोचलो. सागाची पानं गळून गेलेली, जमीन तापलेली. मनात धरला होता तसा गारवा कुठंच नव्हता. मी रूपाला नळावर धरून तिचं तोंड धूत होते. भाऊजी मागच्या डिकीतून पिशव्या काढत होते.

"मम्मी, काकू कुठं गेली?"

मी म्हटलं, काकू घरीच आहे बेटा.

"नाय," रूपा म्हणाली. "काकू येते म्हणली."

भाऊजींच्या हातातली पिशवी खाली आली. त्यांनी ती ठेवली नाही, ती सुटली. मी त्यांच्याकडं बघितलं आणि ते माझ्याकडं. थोरल्या दिराकडं असं सरळ मी कधी बघितलेलं नाही.

"मशीन घरी नाय," ते म्हणाले.

हनुमाननं विचारलं, म्हणजे? भाऊजी तिथंच डिकीच्या काठावर बसले. मंगळवारी शालूताईंनी मशीन त्यांच्या टेम्पोत चढवायला लावली होती आणि छावणी भागात राहणाऱ्या त्यांच्या भाचीकडं, मोनालीकडं, पोचती केली होती. डोळे दुखतात म्हणाल्या. गुलमंडीच्या दुकानातल्या सगळ्या साड्या पुऱ्या करून परत दिल्या, नवीन एकही घेतली नाही. भाऊजींना वाटलं, बरं झालं, आराम करील. खामगावला आई 'मशीनवर असंल' म्हणाली तेव्हा त्यांनाही क्षणभर तेच खरं वाटलं. तसं वाटलं की पुढचं काही वाटून घ्यावं लागत नाही.

आत्याबाई पायरीवर बसल्या. कमरेच्या पिशवीतून त्यांनी चांदीचे पैंजण काढले. शालूताईंच्या माहेरचे. बुधवारी आत्याबाईंच्या केसांना तेल लावताना शालूताईंनी ते दिले होते, रूपा मोठी झाली की घाला म्हणून.

"मला का नाही सांगितलं आत्याबाई?"

"तुला सांगून काय व्हतं?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "ते बी मिठात बुडवले असतेस."

हनुमाननं ते ऐकलं. त्यानं फक्त विचारलं, मिठात म्हणजे? आणि उत्तराची वाट न बघता फोन उंच धरून आवारभर फिरायला लागला. पडद्यावर एक रेघ उमटेना. विश्रामगृहाचा रखवालदार म्हणाला, घाट चढून मागं गेल्याशिवाय रेंज नाही. मी आबांकडं वळले. ते झाडाखाली उकिडवे बसले होते, घशात उलटीची खरखर होती.

"तुम्हाला कळलं होतं आबा. मग तुम्ही का नाही..."

"मेंढराला हात लावून बघता येतंय," ते म्हणाले. "पोट चाचपावं, कान बघावा, तोंड उघडून जीभ बघावी. सुनंला कसा हात लावावा? मी तुला सांगितलं. तू बाई हायेस म्हणून तुला सांगितलं."

ते रागात बोलले नाहीत. रागात बोलले असते तर मला सोसलं असतं.

सगळ्यांनीच परत फिरावं असं आत्याबाई म्हणाल्या, पण आबांना उभं राहवत नव्हतं आणि रूपाच्या पोटात पाणीही ठरत नव्हतं. दोघे भाऊ गाडी घेऊन निघाले. कोण चालवणार यावर या वेळी वाद झाला नाही. भाऊजींनी किल्ली धाकट्याच्या हातात दिली. रेंज आली की आधी गोजरबाईंना लावा, मी ओरडून सांगितलं. त्यांनी ऐकलं का नाही ते कळलं नाही.

तीन वाजता जिप्सी आली. गाइडनं कागद उलगडून नावं वाचली, आबांपासून रूपापर्यंत, सहाही. कुणी उठलं नाही. त्यानं कागदावरून वर बघत विचारलं, अजून कुणी यायचंय का तुमच्यातलं?

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "एकजण मागं राहिलीय."

त्याला काय कळलं कुणास ठाऊक. जिप्सी रिकामी निघून गेली. आबांनी जंगलाकडं पाठ केली आहे आणि ते रस्त्याकडं बघत बसले आहेत. आत्याबाईंनी पैंजण मुठीत धरले आहेत. रूपा माझ्या मांडीवर झोपली आहे, तो कोट अंगात घालून. ती तो काढू देत नाही. आणि मी तिच्या ताप-औषधांच्या वहीत हे लिहिते आहे, कारण दुसरं काही करता येत नाही. भावांना जाऊन दीड तास झाला. गाडीचा आवाज आला की आम्ही तिघंही मान वर करतो. आतापर्यंत दोन ट्रक आणि एक एसटी गेली.

तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही, पण हे तुमच्या हातात पडेल तेव्हा तुमच्या फोनला रेंज असेल, किंवा तुम्ही जालना रोडच्या आसपास कुठं असाल. चिकलठाण्यात विमानतळाच्या भिंतीमागची दुसरी गल्ली. पिठाची गिरणी आहे, तिच्या शेजारचं निळं फाटक आमचं. त्याची कडी नीट लागत नाही, ढकललं की उघडतं. वर जायला जिना बाहेरून आहे. कूलर चालू असला तर दार वाजलेलं आत कळत नाही, म्हणून खिडकीशी जाऊन हाक मारा. ताई, वहिनी, काकू असलं काही म्हणू नका, ती ते ऐकून ऐकून थकली आहे. नुसतं शालू म्हणा. आतून 'मी बरी आहे' असं उत्तर आलं तरी जिना उतरू नका. दार उघडायला लावा, आणि आम्ही पोचेपर्यंत तिच्यापाशी बसा.